पेटी कुणाच्या गळ्याला लावायची?

पेटी दुरुस्तीला नेली की कारागीर आधी भाता दाबून बघतो, दोन-चार पट्ट्या वाजवतो आणि विचारतो, "कधी पाहिजे?" मग पैशांचं बोलणं होतं. गाणार कोण, कुठल्या पट्टीत गाणार, सोबत दुसरं काय वाजणार, हे विचारणारे कारागीर फार थोडे. माझं म्हणणं असं, की हे प्रश्न पहिले हवेत आणि त्यांची उत्तरं मिळेपर्यंत पेटीचं झाकण उघडूच नये. सूर लावणाऱ्याचा कान कितीही तयार असो, पेटी त्याच्या कानासाठी नसते. ती ज्या घरी परत जाणार, तिथल्या गळ्यासाठी असते.

मी हुपरीत मुलांना पेटी शिकवते आणि आमच्या महिला भजनी मंडळाला साथ करते. घर चांदीच्या धंद्यातलं. हुपरीत हे वेगळं सांगायला नको. दिवसा पैंजणाच्या कड्या जोडायच्या, घुंगरं लावायची आणि रात्री जेवणं आटोपली की टाळ हातात घ्यायचे, असा आमच्या मंडळातल्या बहुतेकींचा दिवस. शास्त्रीय संगीताच्या परीक्षा दिलेल्या आमच्यात फार नाहीत. पण सूर खटकला की तो कुणाच्याही कपाळावर लगेच दिसतो.

पेटीची बोली ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं सांगते. आपल्याकडे गाणाऱ्याचा षड्ज पेटीच्या पट्टीवरून ओळखतात: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन, असं करत वर पांढरी सातपर्यंत. पुरुष साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, बायका काळी तीनपासून काळी पाचपर्यंत. पण हा काही नियम नव्हे. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या उपचारानंतर खाली उतरला आणि पुढं आयुष्यभर त्या त्याच भारदस्त आवाजात गायल्या. म्हणजे समोर बाई आहे तर काळी पाच असणार, असंही धरून चालत नाही. विचारावंच लागतं.

सूर लावायच्या ढोबळ पद्धती दोन. पहिली टेंपर्ड. सप्तकातले बाराही सूर सारख्या अंतरावर बसवायचे. कारागीर मोबाइलवर ॲप उघडतो, सुई मध्यावर आली की पुढची पट्टी. पियानो, कॅसिओ याच हिशेबानं लावलेले असतात आणि त्यांचा आधाराचा सूर सेकंदाला ४४० कंपनांचा, हे १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलं. या पद्धतीची सोय मोठी आहे. कुठल्याही पट्टीला षड्ज धरा, गाणं सारखंच वाजतं. मात्र प्रत्येक पट्टीत ते सारखंच थोडं बेसूरही वाजतं. शेजारच्या दोन सुरांत शंभर सेंटचं अंतर मानलं, तर तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येतो त्या गांधारापेक्षा टेंपर्ड पेटीचा शुद्ध गांधार १४ सेंट चढा असतो. धैवत १६ सेंटनी चढा. आकडा लहान दिसतो, पण भूपाचा गांधार लांबवून बघा.

दुसरी पद्धत म्हणजे गांधार ट्यूनिंग. एक पट्टी षड्ज ठरवायची आणि बाकीचे सूर त्या षड्जाशी नैसर्गिक नात्यानं बसवायचे. अशी लावलेली पेटी तंबोऱ्यात अशी मिसळते की ती वाजतेय हे क्षणभर कळू नये. एकल पेटी वाजवणारे आणि ख्यालाला साथ करणारे जाणकार ही पद्धत पसंत करतात. मलाही तीच आवडते. अडचण एवढीच, की ती एकाच षड्जाशी इमानी असते.

आता आमच्या मंडळाच्या पेटीचं ऐका. पेटी जड, मोटरसायकलवर बांधून न्यायची, म्हणून ती घेऊन गेले एका सभासद बाईंचे यजमान. कारागीर चांगला असावा, कारण त्यानं प्रश्न विचारला. "दादा, तुमची पट्टी कंची?" हे दादा हरिपाठाला काळी एकमध्ये गातात. त्यांनी खरं तेच सांगितलं. पेटी काळी एकला गांधार लावून आली. काम सुरेख झालं होतं, भाता हलका, एकही सूर फडफडत नव्हता. रात्री आम्ही नेहमीप्रमाणं काळी पाचला षड्ज धरला आणि पहिल्याच अभंगात गांधारावर आलो तशी मागून एक जण म्हणाली, "अगं, ही पेटी चढलीया का आपण उतरलोय?"

पेटीच चढली होती. गणित मांडून बघता येतं. काळी एक हा षड्ज धरून पेटी लावली, तर तिचा कोमल रिषभ जिथं बसतो ती पट्टी काळी पाचवाल्यांचा शुद्ध गांधार होते. त्या पट्टीची आखणी त्या कामासाठी झालेलीच नसते. ती तब्बल ४१ सेंट चढी लागते. निषादाचंही तेच. मध्यम आणि धैवत २२ सेंटनी चढे. म्हणजे ज्या टेंपर्ड पेटीला आपण १४ सेंटसाठी नावं ठेवतो, तिच्या जवळजवळ तिप्पट चूक या शुद्ध लावलेल्या पेटीत आमच्या वाट्याला आली. कारागिरानं गिऱ्हाइकाची पट्टी विचारली होती, फक्त गिऱ्हाईक कोण ते त्याला कळलं नव्हतं. पेटी आणून देणारा माणूस आणि पेटीवर गाणारा माणूस एकच असतो, असं धरलं गेलं. घरात वर्गणी बायकांनी काढलेली असली तरी दुकानात बोलणं पुरुषाशी होतं, हे पेटीपुरतंच नाही म्हणा. पण पेटीच्या बाबतीत ते सेंटमध्ये मोजता येतं.

कुणी म्हणेल, गिऱ्हाइकाच्या आवडीवर सोडलं तर बरोबर-चूक काही उरणारच नाही. याला उत्तर आमच्या धंद्यात आहे. चांदीचा टंच, म्हणजे शुद्धता, गिऱ्हाइकाला विचारून ठरत नाही. साठ टंचाचा माल साठ टंचाचाच, तो ऐंशीचा म्हणून विकला तर ती फसवणूक. पण पैंजण जाड हवं की नाजूक, घुंगरू खुळखुळणारं हवं की मुकं, हे मात्र ज्या मुलखात माल जाणार तिथली बाई ठरवते. हुपरीचा कारागीर आपल्या आवडीची नक्षी परराज्यातल्या गिऱ्हाइकावर लादायला गेला असता, तर हा धंदा वेशीबाहेर पडला नसता. पेटीतही टंचाच्या गोष्टी आहेत. भाता गळता कामा नये. पट्टी सोडली की सूर थांबला पाहिजे. खर्ज आणि नर या सुरांच्या दोन ओळींची सप्तकं एकमेकांशी तंतोतंत जुळली पाहिजेत. यात आवडनिवड नाही. पण षड्ज कुठला, टेंपर्ड की गांधार, आवाज कडक की गोल, पट्टी हलकी की जरा दाबाची, हे सगळं नक्षीचं खातं. ते वाजवणाऱ्याचं आणि गाणाऱ्याचं.

पियानोच्या जगात हा वाद आपल्यापेक्षा जुना आहे आणि तिथं एक टोकाचं उदाहरण आहे. कॅनडाचा ग्लेन गूल्ड हा पियानोवादक. त्याला पट्ट्या इतक्या हलक्या लावून हव्या असत की दुसऱ्या कुणाला तो पियानो विचित्र वाटावा. टोरँटोत त्याचा पियानो लावणारे व्हर्न एडक्विस्ट लहानपणापासून जवळजवळ अंध होते. त्यांनी गूल्डचं म्हणणं ऐकून त्याच्या स्टाइनवेवर वर्षानुवर्षं काम केलं. त्या हलकेपणापायी मधल्या सप्तकातले काही सूर उचकी लागल्यासारखे वाजू लागले, आणि ती उचकी त्याच्या बाखच्या एका ध्वनिमुद्रणात चक्क ऐकू येते. गूल्डनं ती जाहीरपणे मान्य केली आणि तरीही तोच पियानो ठेवला. पाठ्यपुस्तकाच्या हिशेबानं ते वाद्य सदोष होतं. पण त्याला हवं ते त्याच वाद्यातून येत होतं.

इथं पियानो आणि पेटी यांच्यातला एक फरक सांगायला हवा, कारण माझा सगळा आग्रह त्यावरच आहे. पियानोची तार चुकीची लागली तर खुंटी फिरवून परत आणता येते. पेटीचा सूर म्हणजे पितळेची जीभ. ती चढवायची तर टोकाशी घासतात, उतरवायची तर बुडाशी. दोन्हीकडं पितळच जातं. चढवलेला सूर पुन्हा उतरवता येतो, नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी जीभ पातळ होते, कमजोर होते, आणि एक दिवस जोरात भाता मारताना तुटते. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या, दोन ओळींची असेल तर ८४ सूर. काळी एकला लावलेली आमची पेटी पुन्हा काळी पाचला लावायची म्हणजे त्यातल्या निम्म्यांवर तरी पुन्हा कानस. जुन्या जर्मन सुरांची पेटी असेल तर ऐकूनच पोटात गोळा येतो. तसे सूर आता कुठून आणायचे? म्हणून विचारायचं ते घासण्याआधी. पियानोवाल्यानं नंतर विचारलं तरी एक वेळ चालेल.

आपल्या शेजारच्या मिरजेत हे विचारणं कामाचाच भाग आहे. तिथं दीडशे वर्षांहून जास्त काळ तंबोरे आणि सतारी बनतात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ही कला उभी केली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं तंबोरा घ्यायला गेलात तर गाणार पुरुष की बाई, कुठल्या पट्टीत, हे आधी ठरतं. पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा मोठा, बायकी तंबोरा आटोपशीर, तारांची जाडीही वेगळी. आणि जवारी काढताना तर गिऱ्हाईक शेजारीच बसलेलं बरं. घोडीचा माथा कणाकणानं घासत, तारेखालचा दोरा सरकवत कारागीर आवाज खुलवतो. कुणाला झणझणीत खुली जवारी हवी असते, कुणाला बंद, मिटल्या ओठांची. सतारीत रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँसाहेबांची त्यामानानं बंद. त्यातली बरोबर कुठली, असं मिरजेत कुणी विचारत नाही.

मग पेटीच्याच नशिबी हे न विचारणं का आलं? मला वाटतं, पेटीकडं आपण कायम कुणा तरी मोठ्या माणसाच्या कानानं पाहिलं. रवींद्रनाथ ठाकुरांना ती नकोशी होती. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिला दार बंद केलं, ते १९७१ च्या सुमारास कुठं किलकिलं झालं. त्याआधी सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला. इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स त्यांना मिळाले, अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा प्रमाणासाठी घेतला गेला आणि श्रुतींची वेगळी पेटी तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वादही रंगला. प्रयत्न मोठा होता, माझ्या मनात त्याबद्दल आदरच आहे. पण ती पेटी भजनात आली नाही, नाटकात रुळली नाही. शुद्ध काय याचा शोध मनापासून झाला, वाजवणाऱ्याच्या बोटांना काय झेपेल हे मागं राहिलं. त्याच काळात कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे साध्या पेटीवर लोकांना खुळं करत होते आणि 'मानापमान'च्या चाली बांधत होते. अलीकडं डॉ. विद्याधर ओकांनी केलेली बावीस श्रुतींची पेटी मला म्हणूनच जास्त पटते. षड्ज आणि पंचम सोडून प्रत्येक सुराच्या दोन श्रुती, त्यातली कुठली घ्यायची ते वाजवणाऱ्यानं ठरवायचं. निवड त्याच्या हातात राहते. सगळ्यांना ती परवडणारी नाही, हा भाग निराळा.

गिऱ्हाइकांचीही बाजू धुतल्या तांदळासारखी नाही. आम्ही दुकानात जाऊन काय सांगतो? "जरा गोड करा." यातून कारागिरानं काय समजावं? सांगायचं ते असं. आमच्या मंडळात बायकाच गातात, षड्ज कायम काळी पाच. कॅसिओ नाही, बासरी नाही, फक्त पखवाज आणि टाळ. देवळात लाउडस्पीकर असतो, त्यामुळं आवाज मोठा नको, पण टाळांच्या वर ऐकू यावा. एवढं सांगितलं की जाणता कारागीर स्वतःच म्हणेल, ताई, गांधार लावून घ्या. आणि मुलांच्या क्लासची पेटी असेल, तिच्यावर एक पोरगं पांढरी एकमध्ये, दुसरं काळी दोनमध्ये गाणार असेल, तर तोच कारागीर म्हणेल, टेंपर्डच ठेवा. माझ्या क्लासात मी टेंपर्डच ठेवली आहे. तिथं गांधाराचा हट्ट धरला तर एका मुलाचा सूर सांभाळताना दुसऱ्याचा कान बिघडेल.

कारागिरानं कधी नाही म्हणावं, तेही सांगते. भजनवाले हमखास मागतात, "आवाज आणखी मोठा काढा." मग पितळेची जीभ चौकटीपासून थोडी जास्त उचलली जाते. आवाज मोठा होतो खरा, पण हवा जास्त लागते, सूर उशिरा बोलतो आणि द्रुत तान वाजवताना अर्धे सूर गिळले जातात. हे सांगणं त्याचं काम. सांगूनही गिऱ्हाइकाला तसंच हवं असेल, तर करून द्यावं, कारण काकड्याच्या भजनात ताना कोण मारतंय? मात्र पातळ झालेल्या सुरावर पुन्हा कानस चालवा म्हटलं, तर त्यानं सरळ हात जोडावेत. तो सूर उद्या तुटला की दोष त्याच्याच नावावर जाणार असतो.

विचारायला वेळ लागतो, हे मला मान्य आहे. गणपतीच्या आधी आणि नवरात्राच्या तोंडावर पेट्यांची रांग लागते. त्यात प्रत्येकाची कुंडली मांडत कोण बसणार? म्हणून ॲप उघडतं, सगळ्या पेट्या एका साच्यातून निघतात. पण आपण पैसे तरी कशाचे देतो? सूर घासण्याचे. ऐकण्याचे, चौकशीचे, एकदा घरी येऊन मंडळाचं भजन ऐकून जाण्याचे पैसे कुणी देऊ केले आहेत का? चांदीत नमुना काढायची मजुरी वेगळी लावली तर कुणी कुरकुरत नाही. पेटीवाल्यानं सूर लावण्याआधीच्या बैठकीचे पैसे वेगळे मागावेत, आम्ही देऊ. आणि काम झाल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी: षड्ज अमुक, पद्धत अमुक, तारीख. पुढचा कारागीर निदान आंधळेपणानं कानस उचलणार नाही.

निवडणुकीच्या आधी भजनी साहित्य वाटलं जातं, त्यातही ही चिठ्ठी घालायला हरकत नाही. पखवाज, टाळ, पेटी असा संच येतो, फोटो निघतो. पेटी कुठल्या पट्टीत गाणाऱ्यांना चालली आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. फुकटच्या पेटीला पट्टी कोण विचारणार, असं आमच्यातल्याच काही जणी म्हणतात. मी विचारते.

आमची ती पेटी आता काळी पाचला गांधार लावून घेतली आहे, चिठ्ठीसकट. गावातल्या पुरुष मंडळानं उसनी मागितली तर द्यायची का, यावर आमच्यात चर्चा झाली. हिशेब करून बघितला तर गंमतच निघाली. त्यांच्या पट्टीला लावलेली पेटी आमच्या गांधाराचा बळी घेते, पण आमच्या पेटीवर काळी एकचा षड्ज धरला तर शुद्ध गांधार, मध्यम, पंचम, धैवत, निषाद सगळे जागच्या जागी लागतात. फक्त रिषभ २२ सेंट उतरतो. म्हणजे बायकांच्या पट्टीला लावलेल्या पेटीवर पुरुषांचं बरंच भजन सुखानं होतं. अडचण येते ती शेवटी भैरवी घेतली की. तिथं कोमल रिषभ, कोमल गांधार आणि कोमल धैवत तिन्ही ४१ सेंट खाली. तेव्हा ठरलं असं, की पेटी द्यायची, आणि भैरवीपुरती त्यांनी आपली आणायची.